जुळ्या मुली एनआयसीयूत: घरी कधी, दूध कसं वाढवायचं, आणि एकीला आधी सोडलं तर?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: ३३ आठवड्यांना सिझेरियन, जुळ्या मुली, एक १९०० ग्रॅमची आणि दुसरी १४८० ग्रॅमची. आज तिसरा दिवस. मोठी काचेच्या पेटीत आहे आणि नळीने दूध घेते. धाकटी सीपॅपवर (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) आहे. दोघींची वजनं उतरतायत, तुमच्या पत्नीला दूध जेमतेम चमचाभर येतंय, आणि मोठीला कदाचित आधी सोडतील असं सिस्टर म्हणाल्या. दोघी घरी कधी येणार आणि तोवर आम्ही करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, ‘दोघी’ हा शब्द काही आठवडे बाजूला ठेवा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तुमच्या मुली दोन वेगळे पेशंट आहेत, त्यांच्या फायली दोन आहेत आणि त्यांची गाडी वेगवेगळ्या वेगाने पुढे जाणार आहे. तुमचा अर्धा ताण तुलनेतून येतोय. मोठी १० मिली पिते मग धाकटी ४ मिलीच का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारून उपयोग नाही. धाकटी काल २ मिली घेत होती का, हे विचारा. प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करायची. एका वहीत दोन वेगळी पानं करा आणि रोज पाचच गोष्टी लिहा: वजन, एका वेळचं दूध किती मिली, श्वासाला कोणती मदत, श्वास थांबण्याचे प्रसंग किती, आणि आज काय बदललं. राऊंडला ही वही हातात असली की डॉक्टरही नेमकं बोलतात.

घरी जाण्याचा अंदाज वजनापेक्षा गर्भाच्या आठवड्यांवरून जास्त बरोबर येतो. कारण घरी जायला लागणाऱ्या क्षमता वयाने येतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांना बसायला सुरुवात होते, आणि पोटभर पिण्याइतका दम ३५-३६ आठवड्यांच्या आसपास येतो. म्हणून ३३ आठवड्यांची, फारशी गुंतागुंत नसलेली बाळं बहुधा ३५ ते ३७ आठवडे पूर्ण होण्याच्या सुमाराला घरी जातात. तुमच्या हिशेबात मोठीला आजपासून दोन-तीन आठवडे धरा, धाकटीला तीन ते चार किंवा थोडे अधिक. जंतुसंसर्ग झाला, दूध पचेना किंवा श्वास थांबण्याचे प्रसंग लांबले तर हा अंदाज कोलमडतो, आणि तिसऱ्या दिवशी हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर तारीख टाळतात ते यामुळे.

सोडण्याच्या अटी मात्र बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. पेटीबाहेर साध्या पाळण्यात, कपड्यांत, अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. पेटीतून काढण्याचा प्रयत्न बहुतेक ठिकाणी १६०० ते १८०० ग्रॅमच्या आसपास करतात. सगळं दूध तोंडाने घेता आलं पाहिजे, नळीशिवाय. वजन सलग काही दिवस वाढलं पाहिजे. आणि श्वास थांबण्याचा शेवटचा प्रसंग होऊन बहुधा ५ ते ७ दिवस गेले पाहिजेत.

या शेवटच्या अटीवर पालक सर्वाधिक खचतात, म्हणून ती नीट समजून घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. बाळ मध्येच २० सेकंद किंवा जास्त श्वास घ्यायचं विसरतं, किंवा त्याहून कमी वेळ थांबतं पण हृदयाचे ठोके मंदावतात आणि ऑक्सिजन उतरतो. पाठीवर किंवा तळपायावर हलकं चोळलं की बहुधा परत सुरू होतं. यासाठी कॅफीन देतात, आणि अनेक ठिकाणी ३४ आठवड्यांच्या आसपास ते बंद करून निरीक्षण ठेवतात. या निरीक्षणात चौथ्या दिवशी एक प्रसंग झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाळ बाकी गुटगुटीत दिसत असतं, डिस्चार्जची तयारी झालेली असते आणि एका प्रसंगाने आठवडा पुढे जातो. हे आधीच माहीत असलं तर निदान धक्का बसत नाही.

आता धाकटीच्या सीपॅपबद्दल. फुप्फुसांतले फुगे श्वास सोडताना मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ, स्निग्ध थर लागतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. ३३ आठवड्यांना तो पुरेसा नसू शकतो. सीपॅप नाकातून सतत हलका दाब देऊन ते फुगे उघडे ठेवतं. श्वास बाळच घेतं, मशीन तिच्याऐवजी घेत नाही. हा त्रास पहिले ४८ ते ७२ तास वाढतो आणि मग ओसरायला लागतो, त्यामुळे आज तिसऱ्या दिवशी ती सीपॅपवर असणं हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. रोज एकच विचारा: ऑक्सिजन किती टक्के लागतोय? साध्या हवेत २१ टक्के असतो. काल ३० होता आणि आज २४ असेल तर ती सुधारतेय. सीपॅपच्या हवेने पोट थोडं फुगलेलं दिसतं, ते अपेक्षित असतं. पण फुगलेल्या पोटासोबत हिरवी उलटी, शीमध्ये रक्त किंवा मलूलपणा असेल तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. नाकपुड्यांमधली कातडी लाल झालेली दिसली तर सिस्टरांना लगेच दाखवा, मास्क आणि नळ्या आलटून-पालटून लावून ती जखम टाळता येते. मॉनिटर वाजला की आधी बाळाकडे बघा. रंग गुलाबी आहे आणि छाती हलतेय, तर बहुतेक वेळा पायाचा सेन्सर सरकलेला असतो.

वजनाचं बोलायचं तर पहिल्या आठवड्यात शरीरातलं जादा पाणी निघून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही उतरतं. मोठी १७१० पर्यंत आणि धाकटी १३३० पर्यंत आली तरी घाबरू नका. साधारण १० ते १४ दिवसांत जन्मवजन भरून निघतं, आणि त्यानंतर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. आठवड्याची बेरीज बघा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण उद्या जरूर विचारा: वार (प्लॅसेंटा) एक होती की दोन? तुमच्या मुलींच्या वजनात २२ टक्के फरक आहे. दोघींची वार एकच असेल तर गर्भात एकीचं रक्त दुसरीकडे जास्त गेलेलं असू शकतं. मग एक फिकट म्हणजे रक्त कमी, आणि दुसरी लालबुंद म्हणजे रक्त दाट, असं दिसतं. दाट रक्ताच्या बाळाची साखर उतरू शकते आणि कावीळ जास्त चढते. दोघींचं हिमोग्लोबिन तपासलेलं असेलच, आकडे वहीत लिहून घ्या. वार दोन असतील तर हा मुद्दा तिथेच संपतो आणि धाकटीला तिच्या वारेतून पोषण कमी मिळालं असावं असा अर्थ निघतो.

कावीळही येईल हे धरून चाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवण्याची मर्यादा पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा कमी ठेवलेली असते. दिवे लागले म्हणून काही गंभीर झालं असं नाही.

आता मुख्य विषय, दूध. बाकी सगळं हॉस्पिटल करतं. ही एक गोष्ट फक्त बाळंतीण करू शकते, आणि तिचा पाया पहिल्या दोन आठवड्यांत घातला जातो. नंतर दूध वाढवणं फार जड जातं.

आधी गरज किती ते बघू. पूर्ण दुधावर आलेल्या बाळाला रोज किलोमागे साधारण १६० मिली लागतं. मोठीला सुमारे ३०० मिली आणि धाकटीला २४० मिली, म्हणजे दोघींना मिळून ५४० मिली. दर दोन तासांनी द्यायचं म्हटलं तर मोठीला एका वेळी २५ आणि धाकटीला २०. पण हे आजचं लक्ष्य नाही. दूध रोज किलोमागे २० ते ३० मिलीने चढवत तिथे पोचायला आठवडाभर तरी लागतो. दोघी अडीच-अडीच किलोच्या होतील तेव्हा हीच गरज ८०० मिलीवर जाईल. म्हणून मी बाळंतिणींना चौदाव्या दिवसापर्यंत २४ तासांत ७५० मिलीच्या आसपास पोचायचा प्रयत्न करा असं सांगते. ५०० वर अडकलात तर आज भागेल, महिन्याने तोकडं पडेल.

तिसऱ्या दिवशी चमचाभर येणं हे अपयश नव्हे. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तो काही मिलीच असतो. सिझेरियन आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांत पान्हा पाचव्या दिवसापर्यंतही लांबतो. दूध निघतं किती यापेक्षा स्तन किती वेळा रिकामे होतात यावर पुढचं उत्पादन ठरतं. २४ तासांत किमान आठ वेळा, जमलं तर दहा, आणि रात्री एका वेळेपेक्षा जास्त चुकवायची नाही. दोन वेळांमध्ये पाच तासांहून मोठा खंड पडू देऊ नका. दर तीन तासांनी बरोब्बर काढलंच पाहिजे असं नाही. दुपारी दीड-दीड तासाने दोनदा काढून रात्री थोडं झोपलं तरी चालतं, दिवसाची एकूण संख्या भरली पाहिजे.

चीक हाताने चांगला निघतो, पंपाच्या नळीत तो चिकटून वाया जातो. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्राच्या मुळापासून सुमारे तीन सेंटिमीटर मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सैल सोडायचं. बोटं कातडीवरून घासत पुढे ओढायची नाहीत, त्याने दूध येत नाही, फक्त दुखतं. धार थांबली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवून पुन्हा तेच. थेंब छोट्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचे. अर्धा मिली निघाला तरी तो एनआयसीयूत पोचवा. दूध सुरू झालेलं नसेल तरी सिस्टर तो गालांच्या आतून लावू शकतात.

पान्हा आला की दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप घ्या, भाड्याने मिळाला तरी चालेल. जुळ्यांच्या आईचा यात वेळ अर्धा होतो. एका वेळी १५ ते २० मिनिटं, आणि शेवटचा थेंब पडल्यावर आणखी दोन मिनिटं. पंप चालू असताना हाताने स्तन दाबत राहिलं तर दूध जास्त निघतं. दुखत असेल तर ओढ कमी करा आणि पंपाच्या नरसाळ्याचं माप तपासा. स्तनाग्र त्यात मोकळं हललं पाहिजे, बाजूला घासता कामा नये. चुकीच्या मापाने चिरा पडतात, मग दुखतं म्हणून वेळा चुकतात आणि दूध आटतं. दूध वाढवायच्या गोळ्यांचा विचार वेळा आणि माप सुधारल्यावरच करायचा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

प्रत्येक बाटलीवर आईचं नाव, तारीख, वेळ आणि चालू औषधं लिहा. आधी वेगळं केलेलं असेल तर कुठल्या मुलीसाठी तेही. ताजं दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंत ठीक, फ्रिजमध्ये दोन ते चार दिवस. नेमका नियम तुमच्या एनआयसीयूचा पाळा. गोठवलेलं दूध वितळल्यावर २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करायचं नाही.

आणि दूध दोघींना पुरत नसेल तर? अर्धं-अर्धं करणं न्याय्य वाटतं, पण माझं मत धाकटीला आधी द्यावं असं आहे. जितकं बाळ लहान तितका आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका जास्त, आणि आईच्या दुधाने तो कमी होतो. मोठीला उरलेलं आईचं दूध, आणि कमी पडेल तिथे मिल्क बँकेचं दूध किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीची पावडर. धाकटीच्या दुधात प्रथिनं, कॅल्शियम वाढवणारी पावडर मिसळतील, तेव्हा ‘आमचं दूध कमी दर्जाचं आहे का’ असं मनात आणू नका. इतक्या लहान बाळाची वाढीची गरज कुठल्याही दुधापेक्षा जास्त असते.

कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, दुधाइतकीच महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ती जन्मानंतर लगेच सुरू करण्याची आणि दिवसाला ८ ते २४ तास देण्याची शिफारस केली. सीपॅप असतानाही, बाळ स्थिर असेल तर ती देता येते. मोठीला तुम्ही आजच छातीशी घेऊ शकता का ते विचारा. वडिलांच्या छातीवरही बाळ तितकंच ऊबदार राहतं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, तुमची छाती उघडी, बाळ उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळलेली आणि नाक मोकळं. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट बंद होते, त्यावर लक्ष ठेवा. एकदा घेतलं की किमान तासभर ठेवा, कारण उचलण्या-ठेवण्यातच बाळ थकतं. पत्नीला नीट बसता यायला लागलं की त्या एकीला आणि तुम्ही एकीला घ्या. पुढे दोघी एकाच छातीवरही मावतात. आत जाताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. मोबाइलला हात लावला की पुन्हा हात स्वच्छ करायचे.

नळीकडून तोंडाकडे जाताना घाई नको. सुरुवात आधी पिळून रिकाम्या केलेल्या स्तनाला लावून करतात, म्हणजे बाळ घशात धार न येता चोखायला शिकतं. मग दिवसातून एक-दोन वेळा तोंडाने, बाकी नळीने. पिताना ओठ निळसर झाले, दूध तोंडाच्या कडेने सांडलं, श्वास भरभर झाला किंवा बाळ झोपून गेलं, तर थांबायचं आणि उरलेलं नळीने द्यायचं. संपवायचंच म्हणून ४० मिनिटं पाजलं तर मिळालेल्या उष्मांकातला बराच भाग पिण्याच्या कष्टातच जातो आणि वजन अडतं. पहिले काही दिवस दोघींना स्वतंत्र पाजा. दोघींची पकड पक्की झाल्यावरच काखेखालून धरून एकदम पाजायचा प्रयत्न करा.

आता मोठी आधी सुटली तर. अंतर दोन-तीन दिवसांचंच असेल तर आईसोबत खोलीत थांबू देतात का विचारा. आठवड्याहून जास्त असेल तर मी तिला घरी न्या असंच सांगते. तब्येत चांगली असलेलं बाळ हॉस्पिटलमध्ये ठेवण्यात संसर्गाचा धोका आहे आणि फायदा काही नाही. शिवाय एका बाळाची घडी आधी बसली की दुसरं आल्यावर पाय लटपटत नाहीत. एकदा घरी गेलेल्या बाळाला बहुतेक एनआयसीयू पुन्हा आत येऊ देत नाहीत, हे गृहीत धरा. म्हणजे आई आत असेल तेव्हा मोठीला सांभाळणारं आणि पाजता येणारं माणूस आधीच ठरलेलं हवं. हा माणूस सर्दी-खोकल्याचा नको.

वेळापत्रक असं बसवा की आई दिवसातून एकदा दोन-तीन तासांची एकच खेप करेल, तेवढ्यात धाकटीला एक कांगारू, एक स्तनपान आणि तिथेच एकदा पंप होईल. तीन छोट्या खेपांत बाळंतीण गळून जाते आणि पंपाच्या वेळा हुकतात. दुसरी खेप तुमची, संध्याकाळी, कांगारूसाठी. घरचं दूध बर्फाच्या पॅकसह थंड डब्यातून न्या. दोघींना वेळ समान देता येत नाही म्हणून आईला अपराधी वाटतं, त्यावर इलाज नाही. पण रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळं झोपलेली असतानाही झोप लागत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर ते ‘बाळंतपणाचं हळवेपण’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा, शेवटचं असेल तर त्याच दिवशी.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त चूक होते ती थेंबांच्या औषधात. व्हिटॅमिन डी आणि लोहाचे डोस बाळागणिक वेगळे असतात आणि एका मिलीत औषध किती हे कंपनीनुसार बदलतं. बाटली बदलली की मिलीत डोस पुन्हा विचारून घ्या. एकीच्या सिरिंजला लाल चिकटपट्टी आणि दुसरीच्या हिरवी लावा, भिंतीवर दोन रकाने करा आणि औषध दिल्या दिल्या खूण करा. रात्री तीन वाजता एकीलाच दोनदा औषध जाणं फार सोपं आहे. दोघींना झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर, वेगवेगळ्या पाळण्यांत.

छाती आत ओढली जाणं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, ओठ निळे पडणं, लागोपाठ दोन वेळा दूध न घेणं, अंग थंड पडणं किंवा ताप, तळहात-तळपाय पिवळे होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. एकीला संसर्ग झाला असेल तर दुसरीलाही त्याच वेळी दाखवा.

लसी जन्मतारखेनुसार द्यायच्या. मान धरणं, बसणं वगैरे मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे जन्मापासूनच्या वयातून सात आठवडे वजा. डिस्चार्जच्या कागदावर दोघींसाठी श्रवण तपासणी झाली की नाही ते पाहा. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ती साधारण जन्मानंतर चार आठवड्यांनी करायची असते, आणि मोठी नेमकी त्याआधी घरी आलेली असेल, त्यामुळे ती सहज हुकते. १५०० ग्रॅमच्या आतलं बाळ जवळपास सगळीकडे या तपासणीत बसतं, म्हणजे धाकटीची होईलच. मोठी १९०० ग्रॅमची असली तरी भारतातल्या मार्गदर्शक नियमांत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं येतात, म्हणून तिचीही करून घ्या. तारीख डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या, फोनवर कळवू म्हणाले तर तिथेच थांबून घ्या.